4के डिस्क घरोघरी पोचेल का?

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे : घरात नवा 55 इंची 4के टीव्ही आला आहे, सोफा टीव्हीपासून नऊ फुटांवर आहे, 4के अल्ट्रा एचडी ब्लू-रे प्लेयर घ्यावा असे मनात आहे, पण घरच्यांचे म्हणणे असे की लोकांनी त्यावर चालणारी ही 4के चित्रपटांची डिस्क स्वीकारलेलीच नाही, दोनचार वर्षांत ती बंद पडेल आणि पैसे वाया जातील. माझे मत आधीच सांगून टाकतो. ही डिस्क डीव्हीडीसारखी घरोघरी पोचणार नाही. तशी वेळ आता येईल असे मला वाटत नाही. तरीही आपण प्लेयर घ्यावा असे मी म्हणेन. घरच्यांच्या शंकेत तथ्य आहे, पण ती डिस्कपेक्षा प्लेयरच्या बाबतीत अधिक खरी आहे, आणि तिथपर्यंत येण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

चित्र अधिक स्पष्ट आहे एवढ्याच कारणासाठी सर्वसामान्य कुटुंबाने जुने साधन टाकून नवे घेतले, असे घरगुती चित्रपटांच्या इतिहासात फारसे घडलेले नाही. डीव्हीडी 1 नोव्हेंबर 1996 रोजी जपानमध्ये आणि मार्च 1997 मध्ये अमेरिकेत बाजारात आली. तिचे चित्र जुन्या व्हीएचएस कॅसेटपेक्षा चांगले होते यात वाद नाही, पण ती लोकांच्या पचनी पडली ती इतर कारणांमुळे. कॅसेट मागे फिरवावी लागत नव्हती, टेप अडकत नव्हती, हवा तो प्रसंग लगेच काढता येत होता आणि कपाटात कमी जागा लागत होती. किंमतीचा मुद्दा तर याहून मोठा होता. अमेरिकेत नव्या चित्रपटाची व्हीएचएस कॅसेट बहुधा भाड्याच्या दुकानांना डोळ्यांसमोर ठेवून ऐंशी-शंभर डॉलरला विकली जाई. वॉर्नर होम व्हिडिओचे प्रमुख वॉरन लीबरफार्ब यांनी डीव्हीडी वीस-पंचवीस डॉलरला थेट प्रेक्षकाला विकण्याचा आग्रह धरला. चित्रपट भाड्याने आणण्याऐवजी विकत घेऊन घरी ठेवण्याची सवय मोठ्या प्रमाणावर लागली ती तेव्हा. पुढे मार्च 2000 मध्ये प्लेस्टेशन 2 आले, त्यात डीव्हीडी चालत होती, आणि मुलांच्या खेळासाठी आणलेल्या यंत्रातून डीव्हीडी प्लेयर आपोआप घरात शिरला. 2005 च्या सुमारास एकट्या अमेरिकेत डिस्कची विक्री सोळा अब्ज डॉलरच्या घरात गेली होती. 2024 मध्ये तीच विक्री एक अब्ज डॉलरच्या आत आली. ही घसरण किती खोल आहे हे लक्षात घेतल्याशिवाय 4के डिस्कविषयी बोलण्यात अर्थ नाही.

मधला टप्पा होता हाय-डेफिनिशनचा, आणि या प्रश्नावर सर्वांत जास्त शिकण्यासारखे तिथेच आहे. निळ्या-जांभळ्या लेसरची तरंगलांबी 405 नॅनोमीटर, डीव्हीडीच्या तांबड्या लेसरची 650. तरंगलांबी कमी झाली की किरणाचा ठिपका बारीक होतो आणि त्याच आकाराच्या चकतीवर कितीतरी अधिक माहिती मावते. या एकाच शोधावर दोन गट उभे राहिले. तोशिबाच्या एचडी डीव्हीडीने माहितीचा थर डीव्हीडीप्रमाणेच पृष्ठभागाखाली 0.6 मिलिमीटरवर ठेवला, त्यामुळे जुन्याच कारखान्यांत थोडे फेरफार करून ती छापता येत होती, पण एका थरात 15 जीबीच मावत होते. सोनी आणि तिच्या सहकाऱ्यांच्या ब्लू-रेने थर अवघ्या 0.1 मिलिमीटरवर आणला, एका थरात 25 जीबी बसवले, आणि त्यासाठी नवी यंत्रसामग्री व ओरखडे टाळणारे कठीण आवरण यांचा खर्च पत्करला. 2006 च्या वसंतात एचडी डीव्हीडीचा पहिला प्लेयर अमेरिकेत 499 डॉलरला आला. त्याच्या आत चक्क संगणकाचा पेंटियम 4 प्रोसेसर होता, आणि बटण दाबल्यापासून चित्र दिसेपर्यंत मिनिटभर वाट पाहावी लागत असे. जूनमध्ये सॅमसंगचा ब्लू-रे प्लेयर 999 डॉलरला आला, आणि सुरुवातीच्या काही ब्लू-रे डिस्क चित्र दाबून बसवण्याच्या जुन्याच एमपेग-2 पद्धतीने भरल्यामुळे त्यांच्या चित्रावरही टीका झाली.

त्या दोन वर्षांत ग्राहक काय करत होते? बहुतेक जण काहीच करत नव्हते. कुठला गट हरेल हे कळत नसताना हजार डॉलर अडकवायला कोण तयार होणार? शिवाय हातातली डीव्हीडी टीव्हीच्या आकाराला ताणून दाखवणारे स्वस्त प्लेयर दुकानात होतेच. निकाल लागला तोही चित्राच्या गुणवत्तेवर नाही, कारण चांगल्या डिस्कमधला दोन्हींचा फरक नुसत्या डोळ्यांनी सांगणे अवघड होते. नोव्हेंबर 2006 मध्ये आलेल्या सोनीच्या प्लेस्टेशन 3 मध्ये ब्लू-रे ड्राइव्ह अंगभूत होता. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स 360 या खेळयंत्रासाठी एचडी डीव्हीडीचा ड्राइव्ह 199 डॉलर देऊन वेगळा घ्यावा लागे. एवढ्या एका फरकाने लाखो घरांत ब्लू-रे पोचली आणि एचडी डीव्हीडी दुकानातच राहिली. 4 जानेवारी 2008 रोजी वॉर्नरने ब्लू-रेची बाजू घेतली, फेब्रुवारीत वॉलमार्टने एचडी डीव्हीडी ठेवणे बंद करत असल्याचे सांगितले, आणि 19 फेब्रुवारीला तोशिबाने माघार जाहीर केली. ब्लू-रे जिंकली खरी, पण डीव्हीडीची जागा तिला पूर्णपणे कधीच घेता आली नाही. भांडण मिटेपर्यंत स्ट्रीमिंगने पाय रोवायला सुरुवात केली होती.

4के अल्ट्रा एचडी ब्लू-रेचे स्वरूप 2015 मध्ये ठरले आणि पहिले प्लेयर 2016 च्या सुरुवातीला विक्रीला आले. या वेळी प्रतिस्पर्धी डिस्क नव्हती, ग्राहकाच्या मनात गोंधळ नव्हता, आणि तरीही ती सर्वदूर गेली नाही. याचे एक कारण आपल्या दिवाणखान्यातच आहे आणि ते मोजून दाखवता येते. निरोगी डोळा साधारण एका कोनीय मिनिटाइतका (अंशाच्या साठाव्या भागाइतका) तपशील वेगळा ओळखू शकतो. 55 इंची टीव्हीची रुंदी सुमारे 122 सेंटीमीटर. त्यावर साध्या ब्लू-रेचे 1920 पिक्सेल आडवे मांडले तर एक पिक्सेल साधारण 0.63 मिलिमीटरचा होतो, आणि तो सात फुटांच्या पलीकडून वेगळा दिसत नाही. आपला सोफा नऊ फुटांवर आहे. म्हणजे 4केच्या आडव्या 3840 पिक्सेलचा जो फायदा खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, त्यातला फारच थोडा आपल्या डोळ्यांपर्यंत पोचेल. 65 इंची टीव्हीला हीच मर्यादा साडेआठ फुटांच्या आसपास येते. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये सोफा भिंतीला टेकवून ठेवण्याची पद्धत पाहता, बहुतेक घरांत 4के आणि साधी ब्लू-रे यांतला तपशिलाचा फरक दिसतच नाही, आणि जो फरक दिसत नाही त्यासाठी पैसे मोजा असे कोणाला सांगता येत नाही.

मग मी स्वतः या डिस्क का घेतो? कारण खरा लाभ पिक्सेलच्या संख्येत नसून बिटरेटमध्ये, म्हणजे दर सेकंदाला मिळणाऱ्या माहितीत, आहे, आणि तो नऊ फुटांवरूनही दिसतो. दोन तासांचा चित्रपट डिस्कवर साठ जीबी व्यापत असेल, तर दर सेकंदाला सरासरी 65 मेगाबिटच्या पुढे माहिती पडद्याकडे जाते. स्ट्रीमिंगवर तोच 4के चित्रपट पंधरा-सोळा मेगाबिटच्या आसपास बसवलेला असतो. दिवसाउजेडीच्या, स्थिर, बोलण्याच्या प्रसंगात हे जाणवत नाही. पण फिल्मच्या निगेटिव्हवर चित्रित केलेला एखादा जुना चित्रपट घ्या आणि त्यात संध्याकाळच्या आकाशाचा प्रसंग शोधा. फिल्मचा रवा, म्हणजे चित्रावर दिसणारे बारीक कण, प्रत्येक चौकटीत बदलतो, आणि माहिती दाबून बसवणाऱ्या प्रणालीला तो निव्वळ गोंगाट वाटतो. बिटांची टंचाई असली की ती सर्वांत आधी रवाच पुसते. स्ट्रीमिंगवर त्या आकाशात रंगांचे पट्टे पडलेले दिसतात, आणि कॅमेरा हलला की चेहऱ्याची त्वचा मेणासारखी गुळगुळीत होऊन थांबल्यावर पुन्हा सावरते. डिस्कवर आकाश निळ्यापासून काळ्यापर्यंत सलग उतरते आणि रवा जागच्या जागी जिवंत राहतो. पाऊस, धुके, धूर, अंधारातला एकच दिवा या सगळ्यांचे असेच आहे. ध्वनीतही डिस्कवर मूळ मिश्रण काहीही न गाळता मिळते, स्ट्रीमिंगवर ते काहीशे किलोबिटांत कोंबलेले असते. मात्र टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर ऐकणार असाल तर हा मुद्दा सोडून द्या.

आपल्या देशाचे म्हणाल, तर सोयीपुढे चित्र हरते याचा पुरावा भारताइतका ठळक क्वचितच कुठे सापडेल. इथे वर्षानुवर्षे राज्य केले ते व्हीसीडीने, जिचे चित्र 352 गुणिले 288 पिक्सेलचे होते आणि एक चित्रपट दोन-तीन चकत्यांत विभागलेला असे. प्लेयर स्वस्त होता, डिस्क कोपऱ्यावर भाड्याने मिळत होती, तेवढे पुरे होते. 2007 मध्ये मोझर बेअर या भारतीय कंपनीने व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना विकायला काढली, तेव्हा विकत घेणे भाड्याइतके सोपे झाले. ब्लू-रेला अशी किंमत कधीच लाभली नाही. आणि 4के डिस्क जगात आली त्याच वर्षी, सप्टेंबर 2016 मध्ये, जिओ सुरू होऊन इथला मोबाइल डेटा कमालीचा स्वस्त झाला. या डिस्कला भारतात स्वतःचा बाजार उभा करायला जी काही वर्षे मिळायला हवी होती, ती मिळालीच नाहीत. मराठी चित्रपटांच्या रसिकाला याचे विशेष दुःख व्हावे, कारण आपल्याकडच्या चांगल्या छायालेखनाची जपून ठेवण्याजोगी प्रत त्यामुळे प्रेक्षकाच्या हाती क्वचितच आली.

आता घरच्यांच्या शंकेकडे येतो. चित्रपटांच्या डिस्क इतक्यात बंद होतील असे मला वाटत नाही, कारण काही हजार प्रती छापून त्या संग्राहकांना चढ्या दराने विकणे आजही परवडते, आणि जुने चित्रपट नव्याने स्कॅन करून काढणारे छोटे प्रकाशक नेमके हेच करतात. नोव्हेंबर 2023 मध्ये ‘ओपनहायमर’ची 4के डिस्क अमेरिकेत अनेक दुकानांतून संपली आणि स्टुडिओला पुन्हा छापावी लागली. प्लेयरचे गणित वेगळे आहे. लेसरची जोडणी, चिप, परवाने, नव्या डिस्कसाठी वेळोवेळी द्यावे लागणारे सॉफ्टवेअर या सगळ्याचा खर्च लाखोंच्या विक्रीवरच निघतो. ओप्पोने 2018 मध्ये हे क्षेत्र सोडले, सॅमसंगने 2019 मध्ये नवे प्लेयर काढणे थांबवले, एलजीने 2024 अखेर हात आखडता घेतला. मोठ्या नावांपैकी सोनी आणि पॅनासॉनिक उरल्या आहेत. प्लेस्टेशन 5 प्रोमध्ये तर ड्राइव्ह वेगळा विकत घ्यावा लागतो, म्हणजे जी गोष्ट 2006 मध्ये एचडी डीव्हीडीला नडली तीच आता उलट बाजूने घडते आहे. सोनीने फेब्रुवारी 2025 मध्ये कोऱ्या, रेकॉर्ड करायच्या ब्लू-रे डिस्कचे उत्पादन थांबवले, त्याचा अर्थ अनेकांनी चित्रपटांच्या डिस्क बंद झाल्या असा लावला. तो अर्थ चुकीचा आहे.

म्हणून घ्यायचा असेल तर प्लेयर आता घ्या, पुढच्या मॉडेलची वाट पाहू नका. आपला टीव्ही डॉल्बी व्हिजन (उजेड-अंधार आणि रंग प्रसंगागणिक जुळवून घेणारी पद्धत) दाखवत असेल तर स्वतंत्र प्लेयरच घ्या, कारण प्लेस्टेशन 5 ते दाखवत नाही. 4के डिस्कवर प्रांतबंधन, म्हणजे ठरावीक देशांतल्याच प्लेयरवर चालण्याची अट, नसते, त्यामुळे इंग्लंड-अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून निर्धास्त मागवा. मात्र त्याच खोक्यात येणाऱ्या साध्या ब्लू-रेवर ते असू शकते, आणि भारतात विकला जाणारा प्लेयर ‘सी’ प्रांताचा असल्यामुळे ‘ए’ किंवा ‘बी’ची बंदिस्त डिस्क त्यावर चालणार नाही. पहिल्या खेपेला नवे, डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित केलेले आणि स्ट्रीमिंगवर सहज मिळणारे चित्रपट घेऊ नका. फिल्मवर चित्रित झालेले, आपण पुन्हा पुन्हा पाहता असे तीन-चार घ्या, सोफा शक्य असेल तर सात फुटांपर्यंत पुढे ओढा, खोलीतले दिवे मालवा, आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय चालू असेल तर तो आधी बंद करा.