ऑपरेशन केले नाही, मग उपचार कोणता केला?

प्रश्न : आम्ही देवगड तालुक्यातील आहोत. हापूसच्या पेट्या भरताना माझ्या वडिलांचा (वय ६६) उजवा हात अचानक लुळा पडला, बोबडी वळली आणि उलटी झाली. शेजाऱ्यांनी कांदा हुंगवला, साखरपाणीही पाजू पाहिले. कणकवलीत सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या आतल्या भागात रक्ताची लहान गाठ दिसली. वरचा रक्तदाब २१० होता. ऑपरेशन न करता डॉक्टरांनी औषधांवरच ठेवले आणि दाबही १४०च्या आसपासच राखला. वडील आता काठी घेऊन चालतात. पण त्यांना त्याच रात्री कोल्हापूरला न्यायला हवे होते का, ही रुखरुख जात नाही.

उत्तर : तुम्ही लिहिले आहे त्यावरून डॉक्टरांचा निर्णय योग्य होता, तेव्हा ही रुखरुख मनातून काढून टाका. अशा रक्तस्रावात पहिल्या काही तासांत गाठ वाढत जाण्याची भीती सर्वांत मोठी असते आणि ती वाढ रोखण्यासाठी शिरेतून पंपाने मोजून औषध देत, दर काही मिनिटांनी दाब तपासत, वरचा दाब १४०पर्यंत आणून १३० ते १५०च्या दरम्यान स्थिर ठेवतात. त्याहून खाली मुद्दाम नेत नाहीत, कारण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दाब आणखी उतरवल्याने रुग्णांचा जास्तीचा लाभ झाला नाही, उलट मूत्रपिंडाचे त्रास वाढले. दाबाबरोबरच रक्तातील साखर, ताप आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम या गोष्टीही तातडीने आटोक्यात आणल्या, तर अधिक रुग्ण सावरतात, हे २०२३च्या ‘इंटरॅक्ट-३’ या अभ्यासात भारतासह दहा देशांतील सुमारे सात हजार रुग्णांवर दिसून आले.

हे सारे कणकवलीत होऊ शकत होते. दाब २१० असताना घाट चढण्यात मात्र मोलाचे तास गेले असते. लहान मेंदूत मोठी गाठ असेल किंवा मेंदूतील पाण्याचा मार्ग अडला असेल, तर शस्त्रक्रियेसाठी हलवावेच लागते, पण तेव्हाही वाटेत दाबाचे औषध चालू ठेवून.

साखरपाण्याबद्दल मात्र कळकळीने सांगतो. पक्षाघातात गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते आणि पाजलेला घोट थेट फुप्फुसात जाऊ शकतो. म्हणून गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने पाणीसुद्धा देऊ नये. जिभेखाली दाबाची गोळी किंवा अ‍ॅस्पिरिन घरी देणेही धोक्याचे आहे, कारण रक्तवाहिनी फुटली आहे की गुठळीने बंद झाली आहे, हे स्कॅनशिवाय कळत नाही आणि दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. १०८ला फोन करावा, लक्षणे सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवावी आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत घ्यावीत. रुग्ण वॉरफॅरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेत असेल, तर ते पाकीट पाहूनच डॉक्टर त्यावरचा उतारा लगेच सुरू करू शकतात.

वडिलांचा दाब यापुढे १३०/८०च्या खाली राहील असे डॉक्टरांच्या सल्ल्याने पाहा, घरी मोजून वहीत नोंदवा आणि बरे वाटते म्हणून गोळी बंद करू देऊ नका.