पाळीच्या अधेमधे दिसणारे डाग

प्रश्न : माझे वय ४१ आहे. पाळी २८ दिवसांनी येते, पण गेले चार महिने मध्येच दोन-तीन दिवस तपकिरी डाग दिसतात. पॅड लागत नाही, दुखतही नाही. मैत्रीण म्हणते, पाळी जायची वेळ आली की असे होतेच. तिच्याकडच्या रक्त थांबवण्याच्या गोळ्या घेऊ का?

उत्तर : गोळ्या घेऊ नका. त्या अतिस्रावासाठी असतात. डागांच्या कारणावर त्यांचा उपयोग नाही, आणि पूर्वी रक्ताच्या गुठळ्या झालेल्या स्त्रीला त्या घातक ठरू शकतात. तपकिरी रंगाने घाबरू नका. थोडे रक्त सावकाश खाली येताना जुने होते, एवढाच त्याचा अर्थ.

आधी घरीच लघवीची गर्भचाचणी करा. नसबंदी झालेली असली तरी करा, कारण गर्भनलिकेत राहिलेल्या गर्भाची पहिली खूण कधीकधी असे डागच असतात. मग कॅलेंडरवर प्रत्येक डागाची तारीख लिहा. डाग नेमके पाळी सुरू झाल्यापासून चौदाव्या दिवसाच्या आसपास येत असतील, तर बीज सुटताना इस्ट्रोजेन हे संप्रेरक क्षणभर उतरते त्याचा तो परिणाम असू शकतो व त्याला उपचार लागत नाही. तारखा विस्कळीत असतील, तर मात्र गर्भाशयाच्या अस्तरावरचा मस्सा (पॉलिप), फायब्रॉइड (गर्भाशयातली साधी गाठ), थायरॉइडचा बिघाड अशी कारणे शोधावी लागतात. गर्भनिरोधक गोळ्या नव्याने सुरू केल्या असतील किंवा एखादी चुकली असेल, पाळी पुढे ढकलण्याची गोळी घेतली असेल, तर तेही लिहा. डॉक्टरांसमोर हे हमखास सांगायचे राहते.

चार महिने झाले आहेत, तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाच. संबंधानंतर डाग पडत असतील तर संकोच न करता सांगा, कारण मग गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी आणि पॅप चाचणी (तिथल्या पेशींची तपासणी) पुढे ढकलता येत नाही. सोनोग्राफी शक्यतो पाळी संपताच करावी. तेव्हा अस्तर पातळ असते आणि छोटा मस्साही सहज दिसतो. वजन जास्त असेल किंवा मधुमेह असेल, तर अस्तराचा तुकडा तपासण्याचा सल्ला मिळेल.

मैत्रिणीचे म्हणणे अर्धेच खरे आहे. चाळिशीनंतर पाळी विस्कटते, पण तुमची तर वेळेवर येते आहे. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी दिसला, तरी तो तपासलाच पाहिजे, हे तिलाही सांगा.