कॅमेऱ्याशिवाय, थेट फिल्मवर चित्रं काढून एका मिनिटाचा सिनेमा करता येतो का? की मोबाइलमधला ओरखड्यांचा फिल्टर पुरे?

येतो. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले प्रायोगिक चित्रपटकार लेन लाय यांनी 1935 साली ‘अ कलर बॉक्स’ असाच फिल्मवर रंगवून केला. फिल्टरचं म्हणाल तर मला ते अजिबात पटत नाही. फिल्टर तयार चित्रावर ओरखडे चढवतो. इथे ओरखडा हेच चित्र, आणि त्याची प्रत्येक हालचाल तुम्हालाच ठरवावी लागते.

16 मिमी रुंदीच्या फिल्मच्या एका फुटात 40 फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, बसतात. सेकंदाला 24 धरल्या तर मिनिटाला 36 फूट फिल्म, म्हणजे 1,440 फ्रेम. एकेका फ्रेमची रुंदी जेमतेम 10 मिमी. हात 1 मिमी सरकला की दोन मीटर रुंद पडद्यावर आकृती 20 सेंटिमीटर उडते. ‘प्रायोगिक आहे, थरथरू दे’ असं म्हणणाऱ्यांशी मी कायम भांडत आलोय. थरथर हवी असेल तर मोजून आणा. फिल्मची पट्टी लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड देणाऱ्या पेटीवर ठेवा, खाली आखलेला कागद चिकटवा. फिल्मच्या कडेच्या दोन छिद्रांमधली जागा म्हणजे एक फ्रेम. आकृती डोळ्यांत ठसायला हवी असेल तर तीच निदान 12 फ्रेम काढा. एकाच फ्रेमवर काढलेली नुसती लुकलुकून जाते.

काळ्या फिल्मवर इमल्शनच्या, म्हणजे चित्र उमटतं त्या जिलेटिनच्या थराच्या बाजूनं सुईनं खरवडा. बाजू कळत नसेल तर टोक ओल्या ओठाला लावा, चिकटते ती इमल्शनची. जुनी फिल्म ब्लीचनं साफ केली तर जिलेटिनही निघून जातं, मग पाण्याची शाई थेंब थेंब होऊन बसते. तिथे स्पिरिटवाले मार्करच चालतात. शाई मुरायला हवी असेल तर कोरी फिल्म डेव्हलप न करता थेट फिक्सरमध्ये, म्हणजे फिल्मवरचं प्रकाशाला संवेदनशील द्रव्य विरघळवणाऱ्या रसायनात घाला. ती पारदर्शक होते आणि जिलेटिन शाबूत राहतं.

एका बाजूलाच छिद्रं असतील तर दुसऱ्या कडेच्या ध्वनिपट्टीवर रेघा मारून आवाजही काढता येतो. फ्रेममागे समान अंतरावर 10 रेघा म्हणजे 240 हर्ट्झ. मात्र आवाज चित्राच्या 26 फ्रेम पुढे काढावा लागतो.

प्रोजेक्टर नसेल तर लाइटबॉक्सवर फोकस आणि एक्स्पोजर लॉक करून एकेक फ्रेमचा फोटो घ्या, छिद्रावरून जुळवा.

आणि हो, व्हिनेगरसारखा वास मारणारी फिल्म घेऊ नका, ती आकसते आणि प्रोजेक्टरमध्ये फाटते. ब्लीच करताना खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला. टॉयलेट क्लीनरचं ॲसिड जवळपासही नको, दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो.