ब्रेथ अ‍ॅनालायझर : वाचकांचे प्रश्न

दारू पिऊन गाडी चालवण्याच्या केसेसबद्दल तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांपैकी काहींची उत्तरं एकत्र देत आहे.

वेलची किंवा कच्चा कांदा खाल्ला तर यंत्र फसतं का? (कराड)

नाही. वास झाकला जातो, पण यंत्र फुप्फुसातून आलेला मद्यार्क मोजतं.

मर्यादा किती? (वाई)

१०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. त्याच्या वर गेलात की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. काही यंत्रं हाच आकडा ०.०३ टक्के असा दाखवतात, म्हणून पावतीवरचं एकक आधी बघा.

वडील कुमारीआसव घेऊन निघाले आणि पोवई नाक्यावर पाचच मिनिटांत अडवले गेले. आकडा ४२ आला. ते दारूला शिवतही नाहीत. (सातारा)

फुंक फार लवकर घेतली गेली. हवा खोल फुप्फुसातली आहे असं धरून यंत्र आकडा २,१०० पटीने रक्तावर नेतं. तोंडात आसव, माउथवॉश किंवा होमिओपॅथीचे थेंब शिल्लक असतील तर त्यांची वाफही त्याच पटीत वाढते. हा अंश साधारण १५ मिनिटांत जातो. तेवढा वेळ काही न खाता-पिता थांबायचं, यंत्र शून्यावर आलेलं डोळ्यांनी बघायचं, पाकीट फोडून नवी नळी लावायची आणि दुसरी फुंक द्यायची. नुसती चूळ भरून भागत नाही. आसवात मद्यार्क ५ ते १० टक्के असतो. ३० मिलिलिटरच्या मात्रेने ७० किलोच्या माणसाच्या रक्तात फार तर ५ मिलिग्रॅमच्या आसपास भर पडते. म्हणून दुसरी फुंकही चाळिशीत आली, तर आसवाचं कारण टिकत नाही.

आणि रक्त! ‘वकील बघून घेईल’ म्हणत लोक गप्प बसतात, इथेच केस हातची जाते. मद्यार्क दर तासाला उतरतो. आज रात्रीचं रक्त उद्या मिळत नाही. कलम २०२ प्रमाणे अटकेनंतर दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हायलाच हवी, नाहीतर सोडावं लागतं. तेव्हाच रक्ताची मागणी लेखी करा. कातडी स्पिरिटने पुसू देऊ नका. बाटलीत सोडियम फ्लोराइड हवं, नाहीतर रक्त आंबून आकडाच बदलू शकतो. सील आणि वेळ दोन्ही नोंदवून घ्या. पावती घेऊन आजच वकिलांना भेटा.

रात्री अकराला प्यायचं थांबवलं, तर सकाळी सहाला खंबाटकीतून पुण्याला जाता येईल का? (कोरेगाव)

रक्तातून ताशी १० ते २० मिलिग्रॅम कमी होतं. अकराला १५० असेल तर ताशी १५ च्या हिशेबाने सहाला ४५ उरतं. कडक चहाने, लिंबाने, गार पाण्याच्या आंघोळीने हा वेग वाढत नाही. यकृताचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारा.

ऑनलाइन मिळणारं स्वस्त यंत्र घ्यावं का? (फलटण)

नको. त्यातला सेमीकंडक्टर सेन्सर सिगारेटच्या धुरालाही दाद देतो आणि त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा बरोबर येतो का याची तपासणी व जुळवणी, कोणी करत नाही. ‘पोलिसांसारखंच अचूक’ ही जाहिरात निव्वळ फसवणूक आहे. पोलिसांकडच्या यंत्राचंही कॅलिब्रेशन कधी झालं, ते वकिलांमार्फत विचारा.

फुंक द्यायला नकार दिला तर? (रहिमतपूर)

दारूचा संशय असेल तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते, रक्त मागितलं जातं आणि नकार कलम २०५ खाली तुमच्याच विरुद्ध धरता येतो. फुंक द्या, आणि त्याच रात्री वकिलांना फोन करा.