रात्र काळीच राहू दे

भाऊ,

तुझे दोन्ही फोटो मिळाले. रात्रीच बघितले, पण लगेच लिहिलं असतं तर रागात लिहिलं असतं, म्हणून सकाळी लिहितोय.

पहिल्यात तुझे वडील गव्हाला पाणी भरतायत, बॅटरीचा उजेड पाटाच्या पाण्यावर पडलाय, तेवढ्यातच त्यांचा अर्धा चेहरा, मागे लांब मोटरच्या स्टार्टरचा लाल दिवा आणि बाकी सगळा काळोख. दुसऱ्यात तोच फोटो ॲपमधून काढलेला, आभाळ जांभळं, वर आकाशगंगा, गहू हिरवागार, वडिलांच्या कपाळावरच्या सुरकुत्या गायब. आणि खाली तू लिहितोस की पहिला ग्रुपवर टाकला तर "काय भो, लाइट गेला व्हता का" असं आलं, दुसऱ्याला धडाधड लाइक आले, तर नाना, आता तुम्हीच सांगा यापुढे कसे काढू.

पहिल्यासारखे. यात विचारण्यासारखं काय होतं रे? मोटरीला लागणारी थ्री फेज वीज रात्री येते म्हणून तो माणूस थंडीत, साप-विंचवाच्या वावरात एकटा उभा आहे, हे त्या फोटोत आहे कारण त्यात अंधार आहे. अंधार काढलास की काय उरलं, हातात बॅटरी घेऊन गव्हात उभा राहिलेला एक माणूस. भरीत गॅसवर भाजलेल्या वांग्याचंही होतं, वांगी बामणोदची असली तरी कपाशीच्या पऱ्हाट्यांचा धूर लागला नाही तर आपण त्याला भरीत म्हणतो का? रात्र काळीच राहू दे. मी हे परत परत सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाच.

फोनचा नाइट मोड काय करतो ते समजून घे. एकामागून एक बरेच फोटो घेतो, ते एकावर एक बसवून खरखर कमी करतो आणि मग उजेड वाढवतो. काम भारी करतो, मी नावं ठेवत नाही. पण त्याच्या हिशोबात काळं म्हणजे कमी पडलेलं, आणि ते भरून काढायचं. तुझ्या डोळ्याने त्या रात्री काय बघितलं ते त्याला माहीत नाही. डोळा अंधाराला पूर्ण सरावायला 20-30 मिनिटं लागतात, आणि सरावल्यावरही अगदी कमी उजेडात रंग दिसत नाहीत कारण तेव्हा काम करणाऱ्या पेशींना रंग कळत नाही. म्हणजे बॅटरीच्या उजेडाबाहेरचा तो गहू तुला हिरवा दिसलाच नव्हता. मग फोटोत हिरवा कुठून आला?

आणि ती आकाशगंगा! हा फोटो संक्रांतीच्या आधीचा आहे असं तूच लिहिलंस. आकाशगंगेचा तो जाड, झगझगीत भाग धनू आणि वृश्चिकेच्या बाजूला असतो, आणि संक्रांतीआधीचा महिना म्हणजे धनुर्मास, सूर्यच धनू राशीत. म्हणजे ती सूर्याबरोबर उगवते आणि सूर्याबरोबर मावळते, रात्री दिसायचा प्रश्नच नाही. त्या रात्री तुझ्या वडिलांच्या डोक्यावर मृग नक्षत्र होतं, खाली व्याध होता, आणि ते खरं आभाळ पुसून तू कुठलं तरी रेडिमेड आभाळ चिकटवलंस. शिवाय चोपड्याकडच्या वावरातून सातपुडा उत्तरेला दिसतो. तो जाड भाग आपल्याकडून कायम दक्षिणेला, जास्तीत जास्त 40 अंश वर येतो, उत्तरेला सातपुड्यावर असतो ध्रुव, साधारण 21 अंशांवर. तरी सातपुड्यावर धनूची आकाशगंगा उभी केलेले फोटो फिरत असतात आणि लोक वा वा करतात. आपल्या चाळीसगावजवळ पाटण्याला भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांच्या नातवाने मठ काढल्याचा शिलालेख आहे, त्या खान्देशातल्या पोरांनी आभाळाच्या दिशा चुकवाव्यात याचं मला खरंच वाईट वाटतं.

तुला आकाशगंगाच पाहिजे असेल तर काढ की, कोण नाही म्हणतंय. मार्च-एप्रिलमध्ये अमावास्येच्या आसपास पहाटे उठ आणि दक्षिणेला तोंड कर. तुझ्या सेकंडहँड कॅमेऱ्यावर किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर आलेली साधी लेन्स, 18 मिलिमीटरवर ठेवलीस, सेन्सर छोटा म्हणून 1.5 ने गुणलंस की 27, मग ताऱ्यांच्या फोटोचा ठोकताळा म्हणून पाचशेला 27 ने भाग, 18 सेकंद येतात. त्याहून जास्त वेळ शटर उघडं ठेवलंस तर तारे लांबट दिसायला लागतात, नीट निरखलं तर त्याआधीच कळतं, म्हणून 15 वरच थांब. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, 3.5, आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड पकडायची तीव्रता, 3200. फोकस मॅन्युअल, स्क्रीनवर एखादा ठळक तारा मोठा करून तो टाचणीएवढा होईपर्यंत रिंग फिरव. बास.

आता एक गोष्ट नीट ऐक, कारण इथे सगळे घोटाळा करतात. रात्र काळी राहू दे म्हणजे एक्स्पोजर कमी दे असं नाही. कमी उजेडात काढलेला फोटो नंतर वर ओढलास की खरखर येते, रंग सडतात. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने न दाबलेल्या कच्च्या फाइलमध्ये काढ, सेन्सरला पुरेसा उजेड घेऊ दे आणि मग घरी बसून खाली आण, जेवढं डोळ्याने दिसलं होतं तेवढ्यावर. आणि तिथे वावरात कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर विश्वास ठेवू नको, अंधारात ती स्क्रीन फार उजळ वाटते, ब्राइटनेस कमी कर आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत काळं किती आणि उजळ किती ते दाखवणारा आलेख, तो बघ. वडिलांना मात्र 15 सेकंद पुतळा करून उभं करू नको. आयएसओ वाढव, बॅटरीच्या उजेडात जमेल ते शटर ठेव, हात हलला तर हलू दे, कामाचा हात आहे तो.

फ्लॅश काढूच नको. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावाला आदिवासींची राजवाडी होळी असते, रात्रभर ढोल, मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरं, होळी पेटते पहाटे, आणि त्या अंधारात नाचणाऱ्या माणसांच्या तोंडावर फाडफाड फ्लॅश मारणारे लोक मी बघितलेत. डोळे दिपतात त्यांचे. मी तिथे फक्त जाळाच्या उजेडावर काढत आलो. त्यातला एक फोटो, अर्धा चेहरा लाल आणि अर्धा नाहीच, मी एका स्पर्धेला पाठवला होता, परत आला, शेरा असा की विषय चांगला पण फोटो फार डार्क. तिथे ओळखीच्यांनीही सांगितलं, नाना, थोडा उजळ करून परत पाठवा, पुढच्या वेळी नक्की लागेल. नाही केला. लोक म्हणतात हट्ट नडला तुम्हाला, नाव झालं असतं. झालं असतं, मान्य आहे. पण त्या रात्री तो चेहरा मला अर्धाच दिसला होता, राहिलेला अर्धा मी कुठून आणायचा? मला आजही तसंच वाटतं आणि हे तुला पटवायला लिहितोय की स्वतःला, ते मला सांगता येणार नाही, पण मत तेच आहे.

खंत आहे ती वेगळीच. आपल्या गावांतल्या रस्त्यांवर पिवळे सोडियमचे दिवे होते ना, त्यांच्या उजेडात पिवळ्या-नारिंगीचाच भर असायचा, त्यामुळे त्याखाली निळी साडी कोणती आणि हिरवी कोणती ते ओळखणं अवघड व्हायचं, व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातली रंग सुधारायची सोय, कितीही फिरवला तरी ते रंग नीट परत यायचे नाहीत. 2015 मध्ये देशभर एलईडी पथदिव्यांची योजना सुरू झाली आणि बघता बघता ते पिवळे रस्ते पांढरे झाले. वीज वाचली, चांगलंच झालं. पण ते रस्ते माझ्याकडे फार थोडे आहेत, रोजचेच म्हणून काढायचे राहिले. म्हणून म्हणतो, वडिलांना रात्री पाणी भरताना आत्ताच काढून घे, भरपूर काढ. शेतीला दिवसाचा लाइट सगळीकडे आला की हे बंद होणार, आणि झालंच पाहिजे.

राहिलं ग्रुपवर टाकायचं. काळा फोटो लोक दुपारी उन्हात, बाजारात उभं राहून बघतात, त्यांना काय दिसणार, स्वतःचं तोंड दिसतं काचेत. रात्रीचा फोटो रात्री टाक, नऊनंतर, जेवणं झाल्यावर. व्हॉट्सॲपवर नुसता पाठवलास तर तो दाबून बारीक करतो, काळ्या भागात चौकोन चौकोन दिसतात, डॉक्युमेंट करून पाठव. लोकेशन काढून टाक आणि वावर कोणतं, वडील कोणत्या रात्री तिथे एकटे असतात हे लिहू नको, मोटरी आणि केबली चोरीला जातात ते तुला मी सांगायला नको. आणि प्रिंट काढशील तेव्हा लॅबवाल्याला आधीच सांग की ऑटो करेक्शन बंद ठेव, नाहीतर मशीन आपोआप उजळ करून देतं. पहिली प्रिंट वडिलांना दे. ग्रुपवाल्यांना काय दिसलं ते नंतर, त्यांना त्यात ती रात्र दिसली का ते विचार.

दुसरा फोटो ग्रुपवरून काढून टाक. लाइक जातील, जाऊ दे.

नवीन ट्रायपॉड घेऊ नको, पैसे घालवशील आणि हलका घेशील. माझा जुना लोखंडासारखा जड आहे, रविवारी येऊन घेऊन जा. एका पायाचं लॉक सैल आहे म्हणून त्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधलीय, ती सोडू नको.

तुझा,
नाना