पणजोबांना खोली मिळाली, मला का नाही?

प्रश्न : मी मूळची चिपळूणची, नोकरी फोर्टात. गिरगावात एका खोलीत आम्ही तिघी पीजी म्हणून राहतो. माझे पणजोबा मुंबईत आले तेव्हा त्यांना ठाकुरद्वारला भाड्याने खोली मिळाली होती. आता आमच्या खिडकीसमोर तीन टॉवर आहेत, रात्री निम्म्या खिडक्या काळोख्या. पण भाड्याने द्यायला म्हणून कुणी इमारत बांधताना दिसत नाही. असं का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : मी गिरगावातल्याच चाळीत वाढलो. आमची चाळ एका शेटजींनी भाड्यासाठीच बांधली होती. त्या काळी हातात पैसा असला की लोक चाळ बांधत आणि भाड्यावर निवांत जगत. दर महिन्याला मेहताजी पावतीपुस्तक घेऊन गॅलरीतून फिरायचे. आमचं भाडं 18 रुपये. मी शाळेत होतो तेव्हा 18, माझं लग्न झालं तेव्हाही 18!

कारण 1947 चा भाडे नियंत्रण कायदा. त्याने भाडी सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरची टंचाई आणि फाळणीचे निर्वासित पाहता तेव्हा ते योग्यच होतं. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत राहिला. 1999 च्या नव्या कायद्याने मालकाला वर्षाला 4 टक्के वाढ दिली. 18 रुपयांचे 4 टक्के म्हणजे 72 पैसे. मेहताजींना ते मागायचीच लाज वाटायची. त्याच्या कितीतरी आधीपासूनच अशा भाड्यात मालक जिना दुरुस्त करीना, मग इमारती टेकूवर आल्या आणि सरकारला उपकर लावून दुरुस्ती मंडळ काढावं लागलं. हे सगळं डोळ्यांनी पाहिलेला माणूस नवी चाळ कशाला बांधेल?

खरी मेख मात्र पुढे आहे. जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे हा उपकर भरणाऱ्या, इमारतींचा पुनर्विकास मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम 33(7) खाली होतो. 51 टक्के भाडेकरूंची संमती, 3 किंवा त्याहून जास्त एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त बांधकाम. भाडेकरूला फुकट घर मिळतं, तेही मालकीचं. वरचे मजले बिल्डर विकतो. आमच्या घरी पेढे वाटले गेले, खोटं कशाला बोलू? पण भाड्याच्या पन्नास खोल्या पाडल्या की त्या जागी भाड्याची एकही उभी राहत नाही. पणजोबांची खोली अशी संपली.

बिल्डरचं गणितही बघा. दोन कोटींच्या फ्लॅटला महिना 45 हजार भाडं धरलं, तर वर्षाचे 5.40 लाख, म्हणजे पावणेतीन टक्केसुद्धा नाहीत. त्याचं कर्ज याच्या कितीतरी वरच्या दराचं. जादा एफएसआयचा प्रीमियम महापालिका घेते तो विकण्यासाठी बांधा नाहीतर भाड्यासाठी, सारखाच. विकलं तर बांधकाम चालू असतानाच पैसे हातात येतात. मग तो भाड्याच्या वाटेला का जाईल?

प्रयत्न झालाच नाही असं नाही. 2008 मध्ये एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, भाड्याच्या घरांची योजना आणली, 160 चौरस फुटांच्या खोल्या. तीही फोर्टजवळ नव्हे, महानगराच्या कडेला. पुढे पनवेलजवळ कोनला अशाच दोन-दोन खोल्या एकत्र करून गिरणी कामगारांना लॉटरीने मालकी हक्काने दिल्या. कामगारांना घरं मिळाली याचं वाईट कोण मानेल? पण आपल्याकडे भाड्याचं घर शेवटी मालकीचंच होतं. मतं मालकाची मोजतात. उद्या एसटीने मुंबईत उतरणाऱ्या मुलीचं मत अजून चिपळूणच्या यादीत असतं.

आता त्या काळोख्या खिडक्या. त्यातली एक माझ्या धाकट्या भावाची. तो बोरिवलीला राहतो, गिरगावचा नवा फ्लॅट कुलूपबंद. मी त्याला कितीदा सांगितलं, लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता राहू देण्याचा, करार नोंदवून दे. मुदत संपूनही कुणी हललं नाही, तर 1999 च्याच कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट शुल्क वसूल होतं. तो ऐकत नाही. म्हणतो, ‘‘दादा, एकदा आत आलेला माणूस बाहेर पडत नाही.’’

हे त्याला कुणी शिकवलं? आम्हीच त्या 18 रुपयांच्या खोलीत तीन पिढ्या हललो नव्हतो.