सफागाहून लक्झर: तिकिटं नंतर, आधी व्हिसाचं लेखी घ्या

तुमची पोस्ट वाचली. जेद्दाहून क्रूझ, सफागाला (इजिप्तचं तांबड्या समुद्रावरचं बंदर) एक दिवस मुक्काम, सोबत आई-बाबा, सगळ्यांचे भारतीय पासपोर्ट, आणि प्रश्न काय तर लक्झर (तिथली जुनी देवळं आणि राजांची थडगी) जहाजाच्या टूरने करावं की बाहेरची गाडी ठरवून. अहो, पोटात गोळाच आला. अगदी हाच प्रश्न घेऊन आम्ही बसलो होतो आणि खरा प्रश्न भलताच निघाला.

इकामा (सौदीचा रहिवासी परवाना), एक्झिट री-एन्ट्री (बाहेर जाऊन परत येण्याची परवानगी) वगैरे तुम्ही केलंच असेल, ते सोडून देतो. मुद्दा इजिप्तच्या व्हिसाचा. आम्ही ज्या ऑफिसातून बुकिंग केलं (नाव घेत नाही, उगाच वाद नको) त्यांना मी दोनदा विचारलं होतं. एकदा फोनवर, एकदा प्रत्यक्ष जाऊन. दोन्ही वेळा उत्तर तेच, "क्रूझवाल्यांना नाही लागत हो व्हिसा, जहाजच सगळं बघतं." मी पण नंदीबैल, मान हलवून घरी आलो. ही माझी चूक, लेखी घेतलं नाही.

सफागाच्या आदल्या रात्री केबिनमध्ये फोन आला, रिसेप्शनला या म्हणून. तिथे एक यादी होती. काही देशांच्या पासपोर्टवाल्यांना दिवसापुरतं उतरायला ग्रुपमधून परवानगी मिळते, आमचे चार पासपोर्ट त्यात बसत नव्हते आणि व्हिसा आधी काढलेला नव्हता. काउंटरवरची मुलगी गोड बोलत होती, पण उत्तर एकच, जहाजावरून उतरता येणार नाही. सकाळी डेकवर उभे राहिलो. समोर फॉस्फेटचं बंदर, मागे गवताचं पातं नसलेले डोंगर, आणि खाली लक्झरच्या बस एकामागे एक निघाल्या. आई पहाटे उठून तयार झालेली, हातात दशम्यांचा डबा. ती काही बोलली नाही, आत जाऊन साडी बदलून आली. ते मला अजून आठवतं.

टूरचे पैसे? गेले. "नो शो" धरलं, म्हणजे आम्ही आलोच नाही असं. ऑफिसवाल्यांशी तीन महिने ईमेल केले, शेवटी त्यांनी अटींमधली एक ओळ पिवळी करून पाठवली की कागदपत्रांची जबाबदारी प्रवाशाची. म्हणजे तोंडी सांगताना जहाज बघतं आणि पैसे मागितले की प्रवासी बघतो! असो, रक्तदाब वाढतो.

डिस्क्लेमर: मी एजंट नाही, नियम बदलत असतात, आणि अमेरिका-शेंगेनचा व्हिसा असलेल्यांसाठी वेगळं असू शकतं. पण क्रूझ कंपनीला थेट ईमेल टाका, चौघांचं राष्ट्रीयत्व लिहून, "सफागाला उतरायला काय लागेल" एवढंच विचारा, आणि उत्तर प्रिंट काढून ठेवा. एजंटचं व्हॉट्सअ‍ॅप म्हणजे लेखी नव्हे.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही व्हिसा आधी हातात घेऊन मगच बुकिंग केलं आणि गेलो. आता तुमचा मूळ प्रश्न. माझं मत (बायकोचं वेगळं आहे): लक्झरसाठी जहाजाचीच टूर घ्या, महाग असली तरी. सफागा ते लक्झर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, वाळवंटातून केना शहरामार्गे, एका बाजूला तीन-साडेतीन तास धरा, वाटेत पोलिसांचे नाके. जहाजाच्या टूरची बस उशिरा आली तर जहाज थांबतं, तुमच्या स्वतःच्या गाडीसाठी थांबत नाही. जवळपास कुठे फिरायचं असतं तर मीच म्हटलं असतं बाहेरची घ्या.

फक्त बुक करताना "काय काय दाखवणार" विचारू नका, "कुठे किती मिनिटं" ते विचारा. सात तास रस्त्यात गेले, तासभर जेवण, पाऊण तास अलाबास्टरच्या (मऊ दगडाच्या वस्तूंच्या) दुकानात (तिथे दगड घासून दाखवतात, चहा पाजतात आणि दार अडवून उभे राहतात), मग कार्नाकच्या देवळाला काय उरणार? आम्हाला सव्वा तास मिळाला. तिथला खांबांचा मंडप, १३४ खांब, मधले बारा तर २१ मीटर उंच, मान वर करकरून दुखायला लागते. पवित्र तळ्याजवळ दगडी भुंग्याचा एक पुतळा आहे, त्याभोवती लोक सात फेऱ्या मारतात. गाइड समजावून सांगेपर्यंत आईच्या तीन प्रदक्षिणा झाल्या होत्या, चप्पल काढून! मेमनॉनचे दोन पुतळे (बसलेल्या राजाचे, प्रचंड दगडी) बसमधून उतरून दहा मिनिटांत होतात.

व्हॅली ऑफ द किंग्ज, म्हणजे राजांच्या थडग्यांची दरी, तिच्या साध्या तिकिटात तीन थडगी बघता येतात. तुतनखामेन राजाच्या थडग्याला वेगळं तिकीट आहे, आणि मी म्हणेन वेळ कमी असेल तर सोडा. थडगं अगदी लहान आहे, त्याची ममी तिथेच आहे पण १९२२ साली सापडलेला तो सगळा खजिना कैरोला गेला. हे मत ऐकून लोक चिडतात, चिडू देत. गाइडला थडग्याच्या आत बोलायला परवानगी नसते, त्यामुळे बाहेर उभं राहून तो जे सांगतो ते नीट ऐका, आत गेल्यावर आपण आणि भिंती.

आत राखणदार टॉर्च मारून काहीतरी दाखवेल आणि हात पुढे करेल. शब्द आपलाच, बक्षीस. सुटे इजिप्शियन पाउंड खिशात ठेवा, पण तिकिटाला बऱ्याच ठिकाणी कार्डच लागतं, दोन्ही हवं.

घड्याळाचं एक. हिवाळ्यात इजिप्त सौदीच्या एक तास मागे असतं. जहाजाने सौदीची वेळ ठेवली आणि तुमच्या फोनने स्वतःहून इजिप्तची पकडली, तर सहाला यायला सांगितलेले तुम्ही सातला पोचणार. बाबांच्या मनगटावर साधं घड्याळ असेल तर त्याला हात लावू देऊ नका, फक्त आदल्या रात्री जहाजाची वेळ बदलणार आहे का ते विचारून घ्या.

आईंच्या गुडघ्यांचं तुम्ही शेवटच्या ओळीत विचारलंत. व्हॅलीत गेटपासून विजेवरची छोटी गाडी असते, ती घ्याच. थडग्यांमध्ये चौथ्या रामसेसचं (केव्ही २, हा व्हॅलीतल्या थडग्याचा क्रमांक) निवडा, सुरुवातीलाच आहे, उतार सौम्य आहे. तिसऱ्या थुटमोसच्या वाटेला जाऊ नका, तिथे आधी लोखंडी जिना चढायचा आणि मग आत खाली उतरायचं, मला स्वतःलाच दोनदा थांबावं लागलं. हातशेपसुत राणीच्या देवळात वर जायला रॅम्प आहेत पण सावली नाही, आमची आई खालच्या ओवरीत बसून राहिली आणि दशम्या तिथे उघडल्या.